युवराजांचा पहिला शब्द

“डुकलतोंड्या!” युवराज म्हणाले आणि त्यांनी बिशपांच्या दाढीकडे बोट दाखवलं.

दीड वर्षाचं पोर आजवर एक अक्षर बोललं नव्हतं. दरबारची भाषा फ्रेंच, इंग्लिश ती चाकरमाणसांची. पहिला शब्द फ्रेंचच निघावा म्हणून अर्धा दरबार आठवडाभर त्याच्यासमोर फ्रेंचमध्ये ‘बाबा, बाबा’ करत माकडासारखा नाचला होता. आणि निघाली ती इंग्लिश शिवी. तीही दलदलीकडच्या एका गावाखेरीज कुठे कोणी देत नाही अशी.

त्या गावची राजवाड्यात एकच बाई होती. पाळणा हलवणारी गोडिथ.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. नाताळातच पाद्री आन्सेलने तिला बजावलं होतं, “म्हातारे, युवराजांसमोर एक इंग्लिश शब्द काढलास तर त्याच दिवशी वेशीबाहेर.” गावात आता तिचं कोणी उरलं नव्हतं. जे काही होतं ते या पाळण्यात होतं. तेव्हापासून ती पाळण्याशी बसताना तोंडात चेरीची बी धरायची. बोलायचं तर आधी बी काढावी, नाहीतर गालात सारावी लागे, तेवढ्यात भान येई. पाळण्याच्या पायाला सिंहाचा पंजा कोरलेला होता, चांगला वीतभर बाहेर आलेला. त्यावर आपटून तिच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या, पण तोंडातून हूं की चूं नाही. सकाळी गरम पाणी आणायला ती स्वयंपाकघरात उतरे, तेव्हा कुठे बी काढून पोटभर बोलून घेई.

“मी नाही शिकवलं,” ती बी गालात सारून म्हणाली.

“मग काय पाळण्याने शिकवलं?” आन्सेल म्हणाला.

“झोपेत बरळली असशील, मावशी,” धुणंवाली मेबल हळूच म्हणाली.

गोडिथने जीभ बीवरून फिरवली. झोपेत बी तोंडात ठेवत नाही, हे खरंच होतं.

इतक्यात महाराज लंगडत आत आले. डाव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. शिकारीत लागलं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. महाराजांना इंग्लिशचा गंध नाही, हे देशभर ठाऊक होतं. तिसऱ्या वर्षीच त्यांच्या आईने त्यांना समुद्रापलीकडे नेलं होतं, चार लोकांत नीट बोलायला शिकावं म्हणून. तोवर त्यांचा पाळणाही गोडिथनेच हलवला होता.

“शब्द कोणता?” महाराजांनी विचारलं.

बिशप छताकडे बघू लागले. शेवटी आन्सेलने धीर केला. “डुकरतोंड्या, महाराज. क्षमा असावी.”

महाराजांचे कान लाल झाले. गोडिथकडे त्यांनी बघितलंच नाही.

“नियम तो नियम,” ते पट्टीकडे बघत म्हणाले. “बाईला गाडी द्या. गावी पोचवा.”

गोडिथने काही मागितलं नाही. युवराजांचं नाक आपल्या पदराने पुसलं, शेवटचं. पोराने तिचा पदर मुठीत धरला तो सोडेना. आन्सेलने एकेक बोट उकललं, तसं त्याने भोकाड पसरलं. मेबल पुढे झाली, राणीसाहेब पुढे झाल्या, पण ते कोणाकडेच जाईना. दालन डोक्यावर घेतलं त्याने.

“द्या इकडे,” महाराज चिडून म्हणाले. त्यांनी पोराला काखोटीला मारलं, ताडताड चालत गेले आणि पाळण्यात ठेवायला वाकले.

डावा अंगठा सिंहाच्या पंजावर सणकून आदळला.

“डुकलतोंड्या!” महाराज किंचाळले.

पोर रडायचं थांबलं आणि ओळखीचं हसलं. बिशपांनी दाढी हातात धरली.

गोडिथने सावकाश तोंडातली बी काढली.

“‘र’ म्हणा, महाराज,” ती आपल्या इंग्लिशमध्ये म्हणाली. “तेव्हाही येत नव्हता तुम्हाला.”