मांगुराचा अंश

"म्हणजे आणखी वर्षभर जाळी खुंटीलाच?" मच्छीमार सोसायटीचे चेअरमन मल्लाव यांनी विचारलं.

डॉ. वैजयंतींनी मान खाली घातली. परदेशी मांगूर माशाने तळ्यातले देशी मासे फस्त केले, म्हणून तो संपेपर्यंत मासेमारी बंद ठेवायला त्यांनीच गावाला राजी केलं होतं. शेवटचा मांगूर धरूनही झाला. आणि आता पाण्यातल्या डीएनएच्या तपासणीत पुन्हा त्याचाच अंश सापडला होता.

"काका, नमुना कधी भरला होता?"

"शेवटचा मांगूर धरून त्याचा रस्सा केला, त्या दिवशी. जेवणं उरकल्यावर. झणझणीत झालाय, असं तुम्हीच म्हणालात."

"आणि भांडी?"

"इथंच घाटावर घासली. आपली माणसं स्वच्छतेला पक्की."

वैजयंतींनी चेहरा शक्य तेवढा शास्त्रीय ठेवला.

पुढचा नमुना पंधरवड्याने भरला, त्या दिवशी सगळ्यांना पिठलं-भाकरी होती. अहवालात मांगूर नव्हता. उलट कधीची दिसेनाशी झालेली देशी मरळ परतली होती.

"मग मेजवानी होऊन जाऊ दे, मॅडम," जाळं खांद्यावर टाकत मल्लाव म्हणाले.

"होऊ दे की," त्या म्हणाल्या. "फक्त भांडी घरी घासा."