रोबोचा वळसा

लालबागमध्ये गिरणी पाडून बांधलेल्या हॉलात गुणाजी सुतारानं कॉलेजच्या रोबो-स्पर्धेसाठी प्लायचं मैदान ठोकलं, त्यावर काळी पट्टी चिकटवली. रोबोनं पट्टीवरूनच चालायचं होतं. तरी प्रत्येक रोबो मधल्या एका जागेला वळसा घाली आणि पुन्हा पट्टीवर येई.

"काका, तुमची फळी फुगलीय," स्पर्धा भरवणारी मुलगी म्हणाली. "बदला, नाहीतर दुसरा सुतार आणते."

फळी उचकटायला गुणाजी वाकला आणि थबकला. गिरणीचं वायंडिंग खातं इथंच होतं. त्याची बायको सुगंधा इथंच उभी राहून सूत गुंडाळायची. संपात गिरणी गेली, मागोमाग औषधावाचून तीही गेली.

त्याचं डोकं सणकलं.

"मेल्यावर पण ह्यांचीच चाकरी करतंस?" तो रिकाम्या फळीवर खेकसला. "कोणासाठी गो? चल घराक."

तो तरातरा चालत मैदानाच्या टोकाला गेला. मुलीनं रोबो सोडला. त्या जागेवरून तो सरळ गेला.

"जमलं की, काका."

गुणाजी टोकालाच उभा होता. त्याच्या अगदी शेजारून पट्टी जात होती, मोकळी. रोबो तिथवर आला, थांबला आणि वळसा घालून पुढे गेला.