गव्याची हजामत

या जाहिरातीत लोवेल ड्रायर या न्हाव्याचा फायदाच फायदा होता. विद्यापीठाच्या संघाचा शुभंकर, म्हणजे गव्याचं सोंग घेतलेला रस्टी, त्याच्या खुर्चीत बसून केस कापून घेणार, आणि शनिवारच्या सामन्याच्या मध्यंतरात ते सगळ्या राज्याला टीव्हीवर दिसणार. कॉलेजच्या फाटकासमोर नवं सलून उघडल्यापासून लोवेलच्या दुकानात केस कमी आणि गप्पाच जास्त पडत होत्या. बदल्यात द्यायचा होता फक्त एक हसरा चेहरा. नेमका तोच माल त्याच्याकडे नव्हता.

"पुन्हा!" दिग्दर्शक ब्रेंट ओरडला. "मिस्टर ड्रायर, जरा प्रेमाने. आपल्या लेकराचे केस कापतोय असं समजा."

बाकावर बसलेलं रोजचं गिऱ्हाईक ऑर्व्हिल फिस्सकन हसलं. "लेकराचा विषय काढलात का? मेलात! याची मार्नी तीन वर्षं याच विद्यापीठात आहे. बाप स्टेडियममध्ये शेजारची जागा राखून ठेवतो, पण पोरगी एकाही सामन्याला आलेली नाही."

"कृतघ्न कार्टी," लोवेल म्हणाला. हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवी, कुणी न विचारता.

गव्याने डावा खूर दाणकन आपटला. सगळे हसले.

"वा! हे असंच पुन्हा हवं!" ब्रेंट खूश झाला.

रस्टीच्या आत कोण असतं, हे गावात कुणाला माहीत नसतं. आतल्याने बोलायचं नाही, चारचौघांत मुंडकं काढायचं नाही, घरीसुद्धा सांगायचं नाही. पदवीच्या दिवशी तो काळ्या झग्याखाली खूर घालून मंचावर येतो, तेव्हाच गावाला नाव कळतं. त्याआधी गुपित फुटलं, तर खूर दुसऱ्याच्या पायात.

ऑगस्टचा उकाडा, वर दिव्यांची धग. पुन्हा. परत एकदा. शिंगं सरळ करा, पुन्हा. गवा खुर्चीत सारखा चुळबुळत होता. मग चुळबुळ थांबली आणि शिंगं हळूहळू एका अंगाला कलली.

"अरे, चक्कर आली! मुंडकं काढा!" ब्रेंट धावला. काचेबाहेर अर्धं गाव फोन उंचावून उभं होतं.

लोवेलने गव्याच्या अंगावरची चादर ओढून शिंगांसकट त्याच्या तोंडावर टाकली आणि कात्री ब्रेंटच्या नाकासमोर धरली. "बाहेर व्हा. सगळे. ऑर्व्हिल, तूसुद्धा."

"अहो, पण जाहिरात?"

"पिझ्झावाल्याकडे जा. तो छान हसतो."

दार लागलं, पडदे पडले. लोवेलने मुंडकं उचललं आणि मार्नीच्या मानेवर गार टॉवेल ठेवला. तिने डोळे उघडले.

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही. पाणी पी."

ती गटागटा प्यायली. मग बापाकडे बघतच राहिली. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या सामन्यापासून. चिडलीस की डावा पाय आपटतेस. लहानपणापासूनची खोड."

"मग तीन वर्षं माझ्या नावाने खडे का फोडतोयस गावभर?"

"शनिवारी तू कुठे असतेस, हे कुणी एकदा तरी विचारलं का?"

थोड्या वेळाने गवा मुंडक्यासकट दारातून बाहेर आला, हात हलवत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोवेलला कुणी टाळी दिली नाही.

शनिवारी मध्यंतरात जाहिरात लागली. विद्यापीठाला हवा तसा गवा मिळाला, पिझ्झावाल्याला गिऱ्हाइकं. लोवेलच्या वाट्याला तिरसट हा किताब आला. मार्नीचा 'कृतघ्न' होताच.

"पोरगी येत नाही तर त्या जागेचे पैसे कशाला भरतोस रे?" मागच्या रांगेतून ऑर्व्हिलने विचारलं.

लोवेलचे डोळे मैदानावर होते. तिथे गवा डावा खूर आपटत होता.

"कृतघ्न कार्टी," तो म्हणाला.

एका जागेचे पैसे सामना बघण्यासाठी होते. दुसरीचे, ती रिकामी आहे हे सगळ्या गावाला दिसावं म्हणून.