बांधलेले हात

अतिदक्षता विभागात दोन दिवसांनी आत सोडलं, तेव्हा वडिलांचे हात बँडेजने खाटेला बांधलेले पाहून कुंदाचं डोकंच फिरलं. "खुब्याच्या ऑपरेशनला आणलं होतं आप्पांना, गुरासारखं बांधायला नाही."

"सलाइन उपटतात, आरडाओरडा करतात, सांगितलेलं ऐकतच नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "मानसोपचाराच्या डॉक्टरांना बोलावलंय."

"माझे वडील वेडे नाहीत," डॉक्टर आल्या आल्या कुंदा त्यांच्यावरही खेकसली.

त्यांनी वाद घातला नाही. आधी बँडेज सोडलं, मग आप्पांना नाव विचारलं. आप्पा नुसते त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.

"यांना कमी ऐकू येतं का?"

कुंदाने घाईघाईने पर्स उघडली. थिएटरच्या दारात आयाने अंगठी आणि कानाचं मशीन काढून तिच्या हातात दिलं होतं. हरवायला नको म्हणून तिने दोन्ही वस्तू पर्समध्ये जपून ठेवल्या होत्या. तीच पर्स कवटाळून बाहेर बसली होती.

मशीन कानात बसलं, तसं आप्पांनी मोकळ्या हाताने लेकीचं मनगट आवळलं.

"दोन दिवस सगळे नुसती तोंडं हलवताय माझ्यासमोर. वेडा करायचं ठरवलंय का मला?"