गुरुवारी राजा मरेल

"'गुरुवारी राजा मरेल. तयारीनं या.'" अधिकाऱ्यानं ओळ मोठ्यानं वाचली आणि कागद सबीहाच्या पुढ्यात सरकवला. "अक्षर तुमचं?"

सबीहानं मान हलवली. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. मोसुलच्या मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं तिनं फळ्यावर हेच अक्षर काढलं होतं. अर्ध्या शहरातल्या बायका ते ओळखत.

"कोण राजा?"

"पुस्तकातला, साहेब. वाचनाचा तक्ता आहे तो. जुने ग्रंथ घरोघरी कपाटात असतात, पण वाचत कुणीच नाही. रोज दहा पानं घेतली तर चाळीस दिवसांत एक ग्रंथ हातावेगळा होतो. कुठल्या दिवशी किती पानं आणि त्यात काय घडतं, एवढंच लिहिलंय."

"अस्सं." त्यानं कागद पुन्हा उचलला. "शनिवारी विहिरीपाशी भेट. सोमवारी पहारेकरी फितूर. बुधवारी वेशीच्या किल्ल्या हातात येतात. आणि गुरुवारी राजा जातो. छान बेत आहे, बाई."

कोपऱ्यात जबानी उतरवून घेणारा कारकून फिसकन हसला.

युद्धाचं चौथं वर्ष चालू होतं. रविवारी बस नाक्यावर थांबवली तेव्हा हा कागद तिच्या पिशवीत भेंडीखाली सापडला होता. त्याच दुपारी त्यांनी घर उलथंपालथं केलं आणि ग्रंथही उचलून आणला. आज मंगळवार. दोन दिवस ती या खोलीतल्या लाकडी खुर्चीवर बसून होती. भिंतीपलीकडे कुणीतरी मधूनमधून ओरडायचं, मग एकाएकी गप्प व्हायचं. ते गप्प होणं तिला जास्त भिववायचं.

स्वतःच्या जिवाची आशा तिनं सोडूनच दिली होती. भीती होती ती चौघींची. तक्ता पाचजणींचा होता. दर गुरुवारी पाचहीजणी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमत, चहा पीत, आठवड्यात वाचलेल्या पानांवर भांडत. त्यातली एक सात महिन्यांची गरोदर होती. एकीचे दोन्ही भाऊ आघाडीवर होते. सबीहा त्यांची नावं मनातसुद्धा घेत नव्हती. मनात घेतलं तर ते तोंडावर दिसेल, असं तिला वाटत होतं.

"एकट्याच वाचता?"

"एकटीच."

"मग 'तयारीनं या' हे कुणाला?"

"मलाच, साहेब."

"स्वतःला अहो-जाहो करता?"

कारकुनाचं पेन थांबलं.

"सव्वीस वर्षं वर्गापुढे बोलले," ती कशीबशी म्हणाली. "हाताला तेच वळण पडलंय."

अधिकाऱ्यानं खण उघडून ग्रंथ बाहेर काढला. तिच्या वडिलांची प्रत, कातडी बांधणीची. त्यानं ती टेबलावर ठेवली आणि प्रतीवर पंजा टेकवला. चाळिशीचा माणूस, दाढी नीट केलेली, डोळे मात्र जागरणानं लाल.

"ठीक आहे. पुस्तकातला राजा. तो मरतो कसा?"

इतका साधा प्रश्न येईल असं सबीहाच्या ध्यानीमनी नव्हतं. राजा मरतो तो दाराआड. शहर उपाशी असतं, कुणी त्याला हात लावत नाही. त्याचेच शिपाई महालाला बाहेरून कड्या घालतात आणि निघून जातात. तो तीन दिवस पाणी मागत राहतो. सगळं शहर ऐकतं, पण दार कुणी उघडत नाही. हे या खोलीत, त्या कारकुनासमोर, भिंतीवरच्या राष्ट्राध्यक्षांच्या तसबिरीखाली बोलून दाखवायचं?

"म्हातारपणानं," ती म्हणाली. "झोपेत."

आणि तेव्हाच तिला ती काडी दिसली. ग्रंथाच्या पानांतून आगकाडीचं टोक बाहेर आलं होतं. खूण म्हणून घातलेली. तिची नव्हती. आणि खूण शेवटाकडची होती, गुरुवारच्याही पुढची.

यानं वाचलंय.

खुर्चीची कड धरून ती पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिली. टेबलावरचा पंखा एकदा इकडे वळला, एकदा तिकडे. अधिकारी तिच्याकडे बघत होता.

"लिही," तो कारकुनाला म्हणाला, नजर न हलवता. "ग्रंथ तपासला. मजकूर जुना, निरुपद्रवी. राजा वार्धक्यानं, झोपेत मरण पावतो. बाईंची जबानी ग्रंथाशी तंतोतंत जुळते."

कारकुनानं लिहिलं. पेनाचा खरखर आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता, पण अर्थ डोक्यात शिरत नव्हता.

"जा, वरून शिक्का मारून आण. सुटकेचा."

कारकून कागद घेऊन बाहेर पडला. जिन्यावर त्याची पावलं वाजली. अधिकाऱ्यानं आगकाडी काढून घेतली, ग्रंथ मिटला आणि तिच्या हातात दिला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

"घरी जा, बाई. आणि गुरुवारी, समासात ज्यांची अक्षरं आहेत त्या चौघी आल्या की त्यांनाही पढवून ठेवा. कुणी विचारलं, तर राजा झोपेतच गेला."