भिंतीकडून आलेला पास

"तुला आमच्यात खेळायचंय का?"

हे मी भिंतीला विचारायचं, असं चॅलेंज महांतेश आणि पवित्रानं दिलं होतं. हेब्बाळच्या आमच्या बिल्डिंगमागे याच भिंतीवर आम्ही खडूनं गोल आखलाय. पलीकडे फक्त तळं आहे. पण हल्ली चेंडू आम्ही मारू त्याहून जोरात परत येतो.

"घाबरलीस काय गं, स्ट्रायकर?" महांतेश म्हणाला.

मी आणि घाबरणार? याच महिन्यात पोरांनी मला पुढे खेळवायला सुरुवात केली होती. गोलमध्ये माझी धाकटी बहीण सिद्धी उभी होती. सगळ्यांत लहान म्हणून रोज तीच, भिंतीकडे पाठ करून.

मी मोठ्यानं विचारलं आणि चेंडू तिच्या बाजूनं भिंतीकडे हळूच ढकलला.

तो परत आला नाही. कुणीतरी वर पाय ठेवावा तसा भिंतीशी थांबला. मग सावकाश घरंगळत सिद्धीच्या पायाशी गेला.

सिद्धीनं वळून भिंतीकडे बघितलं आणि मान हलवली.

"सरी," ती कन्नडमध्ये 'बरं' म्हणाली. "उद्या येते."

कुणीच हसलं नाही.

जेवताना मी आईबाबांना सांगितलं, "उद्यापासून गोलमध्ये सिद्धी नाही. मी उभी राहणार."