खाली कसं आहे

नंदकिशोरने काचेच्या काउंटरवर दोन कॅमेरे आणि एक प्लास्टिकची पिशवी मांडली.

"पाण्यात चालणारा माल एवढाच. मेव्हणा दुबईहून आणतो. अख्ख्या बोरीवलीत दुसरीकडे मिळाला तर सांगा."

"खोल किती जातात?" मार्तंडरावांनी विचारलं.

"हा पिवळा पंधरा फूट. काळा दहा. आणि या पिशवीत आपला घरचा कॅमेरा घालायचा, वरून चाप लावायचा. पण पिशवीवर मी स्वतः भरवसा ठेवणार नाही."

मार्तंडरावांनी पिशवी बाजूला सारली. त्यांची मुलगी जयंती शेजारी उभी होती. ऑफिसातून अर्धी रजा टाकून ती सरळ इथे आली होती आणि खांद्यावरची पर्स खाली ठेवायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

आई जाऊन महिना होत आला होता. अस्थी घरात घेत नाहीत म्हणून मडकं लाल फडक्यात बांधून बिल्डिंगमागच्या आंब्याला टांगलं होतं, ते अजून तिथेच होतं. लांब नेऊ नका, असं आईनेच सांगितलं होतं, म्हणून दहाव्याच्या आधी गोराईच्या खाडीत विसर्जन करायचं ठरलं. मार्तंडराव जेट्टीवर गेले, पाण्याकडे बघत उभे राहिले आणि मडकं घेऊन परत आले. तळमजल्यावरच्या मालनबाईंनी मागच्या खिडकीला पडदा लावून घेतला. मार्तंडरावांनी मुलीला एवढंच सांगितलं, "ती पाण्याला भ्यायची. खाली कसं आहे ते बघितल्याशिवाय मी तिला तिथे ठेवणार नाही." पाण्यात चालणारे कॅमेरे मिळतात म्हणे, असं जयंती त्रासून बोलून गेली. त्यांनी ते धरून ठेवलं.

"कुठे, गोव्याला निघालात काय?" नंदकिशोरने विचारलं.

"नाही. इथेच," जयंती म्हणाली.

"म्हणजे स्विमिंग पूल. मग पिवळाच घ्या, काका. एकदम साधा. फोकस-बिकस काही लावायचं नाही. बटण बघा केवढं आहे, बोटं गारठली तरी दाबता येतं. सांभाळायचं फक्त झाकणाचं रबर. त्यात केस जरी अडकला ना, तरी पाणी आत. वाट लागली समजा."

मार्तंडरावांनी झाकण उघडलं. रबरावरून बोट फिरवलं, फुंकर मारली, झाकण मिटलं आणि पुन्हा उघडून पुन्हा बोट फिरवलं. हॉस्पिटलात आईच्या सलाइनची नळीही ते अशीच तपासायचे. जयंती शोकेसमधल्या अल्बमांकडे बघू लागली.

"चालवून दाखवा," ते म्हणाले.

नंदकिशोरने मोरीतून बादली भरून आणली आणि स्टुलावर ठेवली. "पट्टा मनगटात घाला. आणि घाबरू नका, हातातून सुटला तरी बुडत नाही. आपोआप वर येतो."

मार्तंडरावांनी बाही दुमडली नाही. तसाच कोपरापर्यंत हात बादलीत घातला आणि बटण दाबलं. पाण्यातून बारीकसा आवाज आला. त्यांनी हात बाहेर काढला नाही. आणखी एकदा दाबलं.

"अप्पा, बाही भिजली."

"भिजू दे गं."

"दाबा, कितीही दाबा," नंदकिशोर हसला. "रोल कुठे आहे त्यात."

"गोराईच्या खाडीत चालेल ना?"

"खाडीत?" नंदकिशोरने जयंतीकडे बघितलं. तिने मान हलवली. हो म्हणून की बोलू नका म्हणून, ते त्याला कळलं नाही. "खाडीत कशाला, काका? तिथे नुसता गाळ. स्वतःचा हात दिसणार नाही."

"याला फ्लॅश आहे."

"गढूळ पाण्यात फ्लॅश काय करणार? धुक्यात गाडीचे दिवे लावल्यासारखं होतं, समोर सगळं पांढरं. अख्खा रोल फुकट जाईल. धंदा माझाच बुडतोय, पण उद्या तुम्ही शिव्या घालत येणार."

जयंतीला हे माहीत होतं. दुकानदार ते बोलणार नाही, कॅमेरा घेऊन आपण घरी जाऊ, आणि फोटो धुऊन येईपर्यंत अप्पांशी या विषयावर बोलावं लागणार नाही, एवढीच तिची अपेक्षा होती. आता मडकं आंब्यावरच राहणार. रिक्षात काय बोलायचं, याची तिने मनातल्या मनात जुळवाजुळव सुरू केली.

"खाली काहीच दिसत नाही?" मार्तंडरावांनी विचारलं.

"काळोख. दोन हात खाली गेलं की भर दुपारीसुद्धा काळोखच."

"अगदी मिट्ट?"

"एकदम मिट्ट."

"आणि आवाज?"

"खाली कसला आवाज?" नंदकिशोरने जरा विचार केला. "होडी वरून गेली तर येत असेल थोडा. बाकी काय असणार?"

"पुरे," जयंती त्याला हळूच म्हणाली.

मार्तंडरावांनी हात बाहेर काढला. मनगटातला पट्टा सोडवला, कॅमेरा स्वतःच्या रुमालाने पुसला आणि काउंटरवर ठेवला. बाहीतून ओघळणारं पाणी काचेवर पसरत होतं.

"नको हा," ते म्हणाले. "काळोख असेल तर ठीक आहे."

नंदकिशोरला काही उमगलं नाही. तो फडकं शोधू लागला. मार्तंडराव काउंटरवर किंचित वाकले आणि त्याला समजावून सांगू लागले.

"हॉस्पिटलात रात्रभर ट्यूबलाइट चालू असायची हो. डोळ्यांवर पदर ओढून पडून राहायची बिचारी. उजेडात तिला झोप येत नाही."